कच्ची पानं, पक्की पानं: कर्नल बदललेली मेमरी लक्षात कशी ठेवतो आणि डिस्कवर कधी नेतो

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एखाद्या चादर कारखान्याचं ऑफिस डोळ्यांसमोर आणा. डिझायनरने इलेक्ट्रॉनिक जॅकार्डसाठी, म्हणजे नक्षी विणणाऱ्या यंत्रासाठी, नव्या नक्ष्यांचं फोल्डर पेन ड्राइव्हवर टाकलं. पडद्यावरची पट्टी शेवटपर्यंत भरली, त्याने ड्राइव्ह उपसला आणि शेडमध्ये पोराच्या हाती दिला. यंत्रावर लावला तर अर्ध्या फाइली उघडतात, दोन फाइली शून्य बाइटच्या, एक दिसते पण वाचता येत नाही. मग सगळे पेन ड्राइव्हला शिव्या घालतात. बहुतेक वेळा त्याचा काही दोष नसतो. पट्टी भरली तेव्हा त्या नक्ष्यांचा काही भाग ड्राइव्हवर पोचलेलाच नव्हता, तो अजून कॉम्प्युटरच्या रॅममध्ये बसून होता.

हे असं का, ते चाटी गल्लीतल्या कापडाच्या पेढीवर लगेच कळतं. सणासुदीच्या गर्दीत दिवाणजी प्रत्येक व्यवहार तिथल्या तिथे खतावणीत चढवत नाही. कच्च्या वहीत नोंद करतो, गिऱ्हाईक मोकळं करतो आणि सावकाश पक्क्या वहीत उतरवतो. दर गिऱ्हाइकाला खतावणी उघडून खातं शोधत बसला तर रांग मधल्या मारुतीपर्यंत जाईल. ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, हेच करतो. मेमरीत बदललेल्या पण डिस्कवर न पोचलेल्या पानाला त्याच्या भाषेत डर्टी पेज म्हणतात. नाव फसवं आहे. त्यात घाण काही नाही, माहिती बिघडलेलीही नाही. उलट तीच ताजी आहे, डिस्कवरची शिळी. आपण त्याला कच्चं पान म्हणू. पुढचं सगळं लिनक्स धरून सांगितलं आहे, कारण त्याचा कोड सगळ्यांना वाचायला खुला आहे.

रॅमचे कर्नल ठरावीक मापाचे तुकडे करतो, तीच ही पानं. नेहमीच्या इंटेल-एएमडी कॉम्प्युटरवर एक पान ४ केबीचं, म्हणजे ४०९६ बाइटचं. १६ जीबी रॅम म्हणजे ४१,९४,३०४ पानं. फाइल वाचली की तिची पानं रॅममध्ये येऊन राहतात. या साठ्याला पेज कॅश म्हणतात. प्रोग्रॅमने 'राइट' ही हाक मारली की कर्नल मजकूर पेज कॅशमधल्या पानावर उतरवतो, पानाला कच्चं अशी खूण करतो आणि 'झालं' म्हणून परत येतो. या कामाला मायक्रोसेकंदांच्या घरातला वेळ लागतो. फिरत्या हार्ड डिस्कला नुसतं योग्य जागी डोकं न्यायला आठ-दहा मिलिसेकंद लागतात, म्हणजे हजारो पट. 'राइट'चं यश म्हणजे नोंद घेतली एवढंच. जमा झाली, असं कर्नलने कुठेच म्हटलेलं नसतं.

खूण एका जागी करून भागत नाही, कारण वेगवेगळ्या वेळी वेगवेगळे प्रश्न पडतात. 'हे पान कच्चं आहे का' याचं उत्तर पानाच्या स्वतःच्या नोंदीतल्या एका बिटमध्ये असतं. 'या डिस्कवरच्या कोणत्या फाइलींत कच्चं काही आहे' यासाठी प्रत्येक डिस्कमागे कच्च्या फाइलींची यादी असते आणि फाइल पहिल्यांदा बदलली ती वेळ तिच्यासोबत टिपलेली असते. तिसरा प्रश्न खरा अवघड आहे: 'या फाइलीतली नेमकी कोणती पानं?' १० जीबीच्या फाइलीची सगळी पानं रॅममध्ये असतील तर ती २६ लाखांवर जातात. त्यातली तीनच बदलली असतील तर ती शोधायला सगळी चाळायची का? नाही. फाइलीची पानं एका झाडासारख्या रचनेत लावलेली असतात आणि प्रत्येक फांदीला ६४ फाटे असतात. एक पान कच्चं झालं की त्याच्या फांदीवर, तिच्या वरच्या फांदीवर, असं मुळापर्यंत खुणा चढतात. शोधताना खूण नसलेली अख्खी फांदी सोडून देता येते. १० जीबीसाठी चार पायऱ्या उतरल्या की पान हाती लागतं. (नव्या कर्नलमध्ये अनेक पानांचा एकत्र गठ्ठा करून त्याला फोलिओ म्हणतात. तत्त्व तेच, म्हणून इथे पानच म्हणत राहू.)

दिवाणजीला न सांगता वहीत लिहिणारे

'राइट' मारून लिहिणारा प्रोग्रॅम सरळ दारातून येतो, त्याची नोंद ठेवणं सोपं. पण प्रोग्रॅम फाइल थेट आपल्या मेमरीत जोडूनही घेऊ शकतो. याला एममॅप म्हणतात. मग तो नुसतं एखाद्या व्हेरिएबलमध्ये किंमत टाकावी तसं लिहितो. कर्नलला हाक नाही, सूचना नाही. वहीच गिऱ्हाइकाच्या हातात दिल्यासारखं.

प्रोसेसर इथे थोडी मदत करतो. प्रत्येक पानाचा पत्ता सांगणाऱ्या पेज टेबलातल्या नोंदीत काही बिट राखीव असतात. इंटेल-एएमडीच्या ६४ बिट प्रोसेसरवर शून्यापासून मोजलं तर पाचवा बिट 'हात लागला' सांगतो, सहावा 'लिहिलं गेलं' सांगतो. लिहिताना प्रोसेसर सहावा बिट आपणहून लावतो. पण लावला हे तो कुणाला कळवत नाही. कर्नल स्वतः जाऊन बघेल तेव्हाच समजणार.

२००६ सालापर्यंत लिनक्सचं असंच चालायचं. एखादा प्रोग्रॅम एममॅपमधून रॅमचा मोठा हिस्सा कच्चा करून ठेवायचा आणि कर्नलच्या हिशेबात कच्ची पानं नगण्य. मेमरी कमी पडली, किंवा प्रोग्रॅमने जोड सोडली, की अचानक डोंगर समोर यायचा. २.६.१९ आवृत्तीत कर्नलचा कोड लिहिणाऱ्या पीटर झिल्स्ट्रा यांच्या बदलाने यावर तोड निघाली, आणि ती मोठी खुबीची आहे. सामायिक, लिहिता येण्यासारखी जोडलेली फाइल असली तरी तिची पानं सुरुवातीला पेज टेबलात 'फक्त वाचा' अशीच ठेवायची. प्रोग्रॅमने लिहायला हात घातला की प्रोसेसर अडतो आणि पेज फॉल्ट होऊन कर्नलला बोलावतो. कर्नल पाहतो की याला लिहायची परवानगी आहे, पान कच्चं म्हणून नोंदतो, लिहिण्याची मुभा देतो आणि निघून जातो. त्या पानावर पुढे लाख वेळा लिहिलं तरी फॉल्ट नाही. पान डिस्कवर पाठवायची वेळ आली की पुन्हा 'फक्त वाचा' करायचं, म्हणजे पुढचा पहिला बदल परत कळेल. खर्च किती, तर पान डिस्कवर पाठवण्याच्या प्रत्येक फेरीमागे एका पानाला एक फॉल्ट. सौदा स्वस्तात पडला. एआरएमच्या जुन्या प्रोसेसरांत, ८.१ च्या आधीच्या रचनेत, लिहिल्याचा बिट हार्डवेअर लावतच नाही. तिथे हीच युक्ती सगळीकडे वापरावी लागते.

पण त्याच २.६.१९ वर, २००६ च्या डिसेंबरात, लोकांच्या फाइलींत मधेमधे चुकीचा मजकूर निघू लागला. एममॅपने लिहिणाऱ्या टोरेंट प्रोग्रॅमच्या फाइलींत तो हमखास दिसायचा. लिनक्सचे जनक लिनस टॉरवल्ड्स यांनी महिनाअखेरीस कारण गाठलं. पानाच्या पातळीवर कर्नल 'अख्खं पान कच्चं' असं मानत होता, तर फाइलसिस्टिम (डिस्कवर फाइली मांडणारा भाग) त्याच पानातले छोटे ब्लॉक वेगळ्या हिशेबात ठेवत होती. मधल्या काळात तिने स्वतःच्या कामासाठी काही ब्लॉक लिहून 'पक्के' करून टाकले, आणि त्यानंतर एममॅपमधून आलेला बदल त्या हिशेबात चढलाच नाही. कर्नलला वाटलं पान गेलं, प्रत्यक्षात अर्धंच गेलं. एका पेढीवर दोन वह्या आणि दोघींचा मेळ नाही, असा प्रकार. फट जुनीच होती, नव्या पद्धतीने ती उघडी पडली.

खूण आधी पुसायची, मग लिहायचं

या विषयात एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. पान डिस्कवर पाठवताना कच्चेपणाची खूण कधी पुसायची? सहज वाटतं: आधी डिस्कवर लिहा, लिहून झालं की पुसा. हे चूक आहे, आणि चूक कळायला कधीकधी महिने लागतात.

समजा पान डिस्ककडे निघालं. वाटेत, डिस्कचं उत्तर यायच्या आत, प्रोग्रॅमने त्याच पानावर नवा मजकूर लिहिला आणि खूण लावली. खूण आधीच लागलेली होती, म्हणजे बदल काही दिसला नाही. डिस्कने 'जुना मजकूर मिळाला' असं कळवलं. कर्नलने खूण पुसली. आता नवा मजकूर फक्त रॅममध्ये आहे आणि त्याच्यावर कच्चेपणाची खूण नाही. कर्नलच्या लेखी पान स्वच्छ. मेमरी हवी झाली की तो ते बिनधास्त टाकून देईल. एरर नाही, लॉगमध्ये ओळ नाही, नोंद गेली ती गेलीच.

म्हणून कर्नलचा क्रम उलटा आहे. पानाला कुलूप लावायचं. कच्ची खूण पुसायची आणि ते पान जिथे जिथे जोडलेलं असेल तिथे 'फक्त वाचा' करायचं. 'डिस्ककडे निघालंय' अशी दुसरी खूण लावायची. तिचं नाव राइटबॅक. कुलूप काढून काम डिस्ककडे द्यायचं. डिस्कचं उत्तर आलं की राइटबॅकची खूण उतरवायची. मध्ये कुणी लिहिलं तर कच्ची खूण नव्याने लागते, आणि काही काळ पान एकाच वेळी 'निघालेलं' आणि 'कच्चं' असं दोन्ही असतं. त्यात बिघडत काही नाही. ते पुन्हा एकदा जाईल. दोनदा लिहिण्याची किंमत चालते, न लिहिण्याची नाही.

याचं एक शेपूट आहे. डिस्ककडे निघालेल्या पानाचा चेकसम (मजकूर बिघडला का ते ओळखायचा पडताळा-आकडा) काढला आणि त्यानंतर कुणी मजकूर बदलला तर डिस्कवर मजकूर एक, चेकसम दुसऱ्याचा. म्हणून २०११ मध्ये ३.० आवृत्तीत नियम आला की पान निघालेलं असताना लिहिणाऱ्याने थांबायचं. चेकसमची गरज नसलेल्यांनाही विनाकारण थांबावं लागलं, वेग पडला, तेव्हा ३.९ मध्ये हा नियम गरज असलेल्या डिस्कपुरता ठेवला.

दुसरं शेपूट: एक प्रोग्रॅम फाइल पक्की करायला सांगतो आणि दुसरा तिच्यातच सतत लिहितो. पहिल्याचं काम संपणारच नाही, कारण पुढे पुढे नवी कच्ची पानं निघत राहतात. यावर उपाय म्हणजे सुरुवातीलाच, त्या क्षणी कच्ची असलेल्या पानांना 'या फेरीत न्यायची' अशी तिसरी खूण करायची आणि तेवढीच न्यायची. बसस्टँडवर गाडी लागली तेव्हा जे रांगेत होते त्यांनाच तिकीट.

न्यायचं कधी

उजनीच्या पाण्यावर जगणाऱ्या शहराला पातळीची भाषा वेगळी शिकवायला नको. कर्नलच्याही पातळ्या आहेत. कच्ची पानं वापरता येण्याजोग्या मेमरीच्या १० टक्क्यांवर गेली की मागे बसलेला फ्लशर, म्हणजे कच्ची पानं डिस्कवर नेणारा कर्नलचा कामगार, कामाला लागतो. प्रोग्रॅमला याची झळ नाही. २० टक्क्यांना कमाल रेषा. ती गाठायच्या आधीच, दोन्हींच्या मध्यावरून, म्हणजे साधारण १५ टक्क्यांपासून, कर्नल लिहिणाऱ्या प्रोग्रॅमला छोट्या डुलक्या द्यायला लागतो. एका वेळी जास्तीत जास्त २०० मिलिसेकंद. डिस्क जितक्या वेगाने उपसते तितक्याच वेगाने भरू द्यायचं, हा हेतू. ३.२ आवृत्तीच्या आधी रेषेवर आलेल्या प्रोग्रॅमलाच कर्नल पानं वाहून न्यायला लावायचा. दहा प्रोग्रॅम दहा दिशांना लिहू लागले की हार्ड डिस्कचं डोकं सैरावैरा धावायचं. ती पद्धत गेली ते बरं झालं.

पातळी गाठली नाही तरी घड्याळ आहेच. फ्लशर दर ५ सेकंदांनी उठतो आणि ३० सेकंदांहून जुनं झालेलं कच्चं काम उचलतो. म्हणजे काहीही न करता सोडलेला मजकूर डिस्ककडे निघायलाच ३५ सेकंदांपर्यंत लागू शकतात, वर डिस्कचा वेळ वेगळा. हे आकडे सेटिंगमध्ये सेंटिसेकंदांत असतात: ५०० आणि ३०००. तिथे ३० सेकंद समजून नुसते ३० टाकणारे बरेच भेटतात. मग ०.३ सेकंदातच पान जुनं ठरतं.

टक्केवारीचा आधार एकूण रॅम नव्हे. मोकळी मेमरी अधिक फाइलींच्या कॅशची मेमरी, एवढ्यावर ती मोजतात. डेटाबेसने अर्धी रॅम स्वतःकडे घेतली की रेषाही खाली सरकते.

पूर्वी सगळ्या डिस्कचं काम पीडीफ्लश नावाचे मोजके सामायिक धागे करायचे, त्यामुळे एका मंद पेन ड्राइव्हपायी वेगवान डिस्कही खोळंबायची. २००९ मध्ये २.६.३२ पासून प्रत्येक डिस्कला आपला फ्लशर मिळाला. आज प्रोसेसच्या यादीत 'केवर्कर' नावापुढे 'फ्लश-८:०' असं दिसतं तो हाच; ८:० हा सहसा पहिल्या साटा डिस्कचा क्रमांक.

आता हिशेब करा. ६४ जीबीचा सर्व्हर, त्यातली ५० जीबी वापरता येण्याजोगी, तर २० टक्के म्हणजे १० जीबी कच्चा माल. साध्या हार्ड डिस्कचा वेग सेकंदाला १०० एमबी धरला तर तो उपसायला १०० सेकंद, तेही सलग लिहिता आलं तर. विखुरलेली पानं असतील तर कितीतरी जास्त. या काळात जो कुणी आपली छोटीशी फाइल पक्की करायला जाईल तो या गाड्यामागे अडकू शकतो. प्रोसेस 'डी' अवस्थेत, म्हणजे डिस्कची वाट बघत अडकलेली, दिसते, किल केली तरी मरत नाही, आणि १२० सेकंद झाले की कर्नल लॉगमध्ये 'टास्क अडकली' अशी तक्रार टाकतो. लोक रॅम वाढवतात, म्हणजे टक्केवारीच्या हिशेबाने दुखणंच वाढवतात.

अशा ठिकाणी टक्केवारी सोडून बाइटमध्ये मर्यादा घालावी असं आमचं स्पष्ट मत आहे. डर्टी बॅकग्राउंड बाइट्स ६,७१,०८,८६४, म्हणजे ६४ एमबी, आणि डर्टी बाइट्स २६,८४,३५,४५६, म्हणजे २५६ एमबी, हे मंद डिस्कवर सुरुवातीला ठीक. बाइट्स भरले की टक्क्यांची सेटिंग आपोआप शून्य दिसते. घाबरू नका, दोन्हींपैकी एकच चालते. तोटा असा की तीच फाइल दहा वेळा बदलणारा प्रोग्रॅम पूर्वी एकदाच डिस्कवर जायचा, तो आता चार वेळा जाईल. वेगवान एसएसडीवर हे करायची सहसा गरज नाही.

पक्कं करून घ्यायचं तर मागावं लागतं

फाइल बंद केली म्हणजे पक्की झाली, हा समज फार पसरलेला आहे. 'क्लोज' काहीही डिस्कवर नेत नाही. त्यासाठी 'एफसिंक' ही वेगळी हाक आहे: या फाइलीची कच्ची पानं न्या, डिस्कलाही तिची स्वतःची कॅश रिकामी करायला सांगा, मगच परत या. तो डिस्कच्या कॅशचा भाग महत्त्वाचा. डिस्कच्या आत स्वतःची रॅम असते आणि तीही 'मिळालं' म्हणून आधीच सांगते. सर्व्हरच्या चांगल्या एसएसडीत थोडी वीज साठवणारा कपॅसिटर असतो, लाइट गेल्यावर तेवढा भाग उतरवायला. घरगुती एसएसडीत तो सहसा नसतो.

फाइल बदलायची सुरक्षित पद्धत अशी: त्याच फोल्डरमध्ये तात्पुरत्या नावाने नवी फाइल लिहा, तिला एफसिंक करा, मग नाव बदलून जुन्या फाइलीच्या जागी आणा, शेवटी फोल्डरलाही एफसिंक करा. मधली एफसिंक गाळली तर नाव बदलल्याची नोंद आधी पक्की होते आणि मजकूर मागे राहतो. ईएक्सटी४ ही लिनक्सची फाइलसिस्टिम डिस्कवरची जागा ठरवणं शेवटपर्यंत लांबवते, म्हणून २००९ च्या सुमारास लाइट गेल्यावर लोकांना शून्य बाइटच्या फाइली सापडत होत्या. २.६.३० मध्ये अशी नामबदलाची चाल ओळखून मजकूर आधी पाठवायची सोय झाली. तिच्या भरवशावर राहू नये.

एफसिंक अपयशी झाली तर? २०१८ मध्ये पोस्टग्रेएसक्यूएल डेटाबेसवाल्यांना याचा मोठा धक्का बसला. लिहिताना डिस्कने नकार दिला की लिनक्स ते पान तरीही स्वच्छ मानतो आणि एरर एकदाच कळवतो. त्यांचा प्रोग्रॅम 'चुकलं का? पुन्हा करू' म्हणत दुसऱ्यांदा एफसिंक मारायचा, ती यशस्वी व्हायची, आणि मजकूर कुठेच नसायचा. कर्नलचीही बाजू आहे: उपसून नेलेल्या पेन ड्राइव्हची पानं कायम कच्ची ठेवली तर रॅम त्यांनीच भरेल, ती कधी जाणार नाहीत. ४.१३ पासून एरर प्रत्येक उघड्या फाइलहँडलला एकदा तरी पोचेल अशी व्यवस्था झाली, आणि पोस्टग्रेएसक्यूएलने २०१९ मध्ये धोरण बदललं: एफसिंक चुकली की सर्व्हर पाडायचा आणि लॉगवरून सगळं पुन्हा उभारायचं. कठोर आहे, पण बरोबर आहे.

कच्च्या पानांचा माग डिस्कखेरीजही कामी येतो. चालू व्हर्च्युअल मशीन एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर नेताना आधी सगळी मेमरी पाठवतात, मग तेवढ्यात बदललेली पानं, मग त्यातही बदललेली, असं करत शेवटचा छोटा हिस्सा मशीन क्षणभर थांबवून नेतात. इंटेलच्या प्रोसेसरात यासाठी ५१२ नोंदींची वहीच असते. भरली की तो कर्नलला हाक मारतो.

स्वतः बघायचं असेल तर प्रॉक फोल्डरातल्या मेमइन्फो फाइलीत 'डर्टी' आणि 'राइटबॅक' या दोन ओळी आहेत, आकडे केबीत. 'वॉच' कमांडने दर सेकंदाला त्यांच्याकडे पाहत बसा आणि दुसऱ्या खिडकीत 'डीडी' या कॉपी करणाऱ्या कमांडने ५०० एमबीची फाइल लिहा. डीडी क्षणात संपेल आणि डिस्कला न झेपणारा वेग सांगेल. तो रॅमचा वेग. 'डर्टी' एकदम चढेल, थोड्या वेळाने 'राइटबॅक' हलेल, मग दोन्ही उतरतील. डीडीलाच शेवटी एफसिंक करायचा पर्याय दिला की खरा वेग कळतो. विकत घेतलेल्या डिस्कची परीक्षा या दुसऱ्या आकड्यावर करा, पहिल्यावर नको.

आणि त्या जॅकार्डच्या पेन ड्राइव्हचं असं. विंडोज १० मध्ये २०१८ च्या शेवटच्या अपडेटपासून बाहेरच्या ड्राइव्हसाठी लिहिणं न साठवण्याची पद्धत मुळातच चालू असते, तरी कॉपी चालू असताना उपसला तर फाइल जाणारच. लिनक्सवर 'इजेक्ट' दाबा किंवा अनमाउंट करा. तो नवं लिहिणं बंद करतो, उरलेली कच्ची पानं उतरवतो आणि मगच परत येतो. टर्मिनलवर असाल तर 'सिंक' द्या आणि प्रॉम्प्ट परत येईपर्यंत हात लावू नका. मात्र सिंक सगळ्याच डिस्कसाठी थांबतं. दुसरीकडे मोठा बॅकअप चालू असेल तर दोन-चार मिनिटंही लागतील. 'डर्टी' अगदी शून्य व्हायची वाट बघू नका. ब्राउझर आणि लॉग काही ना काही लिहीतच असतात, त्यामुळे तिथे काहीशे केबी कायम दिसतील, आणि त्या पेन ड्राइव्हच्या नसतात.